तीन तासांची कॅसेट, दोन तासांची तबकडी

आमच्या तळवड्याच्या चाळीत दोन खोल्यांच्या मधली भिंत चार इंची होती. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विटा वाचवल्या आणि मला जन्मभर दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला लावलं. कान लावायची गरजच नव्हती, कान तिथंच होता. त्यातलं बरंचसं विसरले. एक भांडण तेवढं राहिलं.

आमची टोकाची खोली, तिला लागून भाडेकरू बाप-लेक राहायचे. बाप लातूरकडचा, पिंपरीच्या एका कारखान्यात फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवायच्या खात्यात. लेक भीमराज, तेव्हा पंचविशीचा. साल अठ्ठ्याऐंशी असेल. रविवारची सकाळ होती आणि मी तांदूळ निवडत बसले होते.

"म्या सायबाला बोललोय," बाप म्हणत होता. "म्या लवकर निघतो, माझ्या जागेवर तू लागतोस. लोकं पाया पडायलेत अशा नोकरीसाठी."

"मला नाही जायचं आत."

"आत म्हंजी? जेल हाय का ते?"

"तुम्ही अंधारात जाता, अंधारात येता. बाहेर ऊन पडलं का पाऊस, तुम्हाला माहीत नसतं."

"पगाराची तारीख माहीत असती ना? त्या तुझ्या कॅमेऱ्याला पेन्शन हाय का? लोकाच्या पोरीच्या मुंडावळ्या शूट करून पोट भरतंय व्हय? सगळे जेवून ढेकर देतील अन् तू डबडं खांद्यावर घेऊन कोपऱ्यात उभा."

"उभा राहीन. पण मांडवातून वाटेल तेव्हा निघून तर जाता येतं."

बापानं काहीतरी आपटलं, बहुतेक तांब्या. माझा हात सुपात तसाच राहिला होता. खरं सांगायचं तर मला पोराचंच बरोबर वाटलं. फौंड्रीवाल्यांची तोंडं मी रोज बघत होते.

भीमराजला जाऊन आता बारा वर्षं झाली, म्हणून सांगायला हरकत नाही. मांडवातून निघून जाणं त्याला कधी जमलं नाही.

त्याचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा होता, शेजारच्या गल्लीतल्या पोरांना तो तोफ वाटायचा. तळवडे, चिखली, निगडी, चाकणच्या रस्त्याची गावं, कुठंही लग्न असलं की लोक म्हणायचे, शूटिंगला भीमराज. काम चोख. नवरीच्या बापाचा हुंदका तो बरोबर पकडायचा आणि सोयऱ्यांची बाचाबाची बरोबर सोडायचा. आमच्या शेतकऱ्यांच्या घरात देवक बसवायचं असलं की कॅमेरा आत बघायचा आणि भीमराज उंबऱ्याच्या बाहेर. लांबूनच चित्र जवळ ओढायची सोय होती म्हणे त्यात. ती सोय नसती तर आमच्या लोकांनी काय केलं असतं कोण जाणे. आमच्याकडंसुद्धा त्याचा कप वेगळा होता, खोटं कशाला बोलू. तो कप एक दिवस फुटला. मी दुसरा वेगळा आणला नाही एवढंच माझं पुण्य, आणि तेही आळसानं झालं की कशानं, आता आठवत नाही.

तेव्हा व्हीसीआर कुणाच्या घरी नसायचा. भीमराजकडं होता. म्हणून लग्नाची कॅसेट त्याच्याकडंच राहायची. दिवाळीला लेक-जावई आले की लोक व्हीसीआर आणि आपली कॅसेट घेऊन जायचे, सगळी गल्ली बघायची, दुसऱ्या दिवशी दोन्ही परत. "तुमचं लग्न माझ्याकडं आहे, काळजी करू नका," असं तो प्रत्येकाला म्हणायचा. आणि कॅसेट तो कधी पूर्ण भरायचा नाही. शेवटी वीस मिनिटं कोरी सोडायचा. वर्षा-दोन वर्षांनी त्याच घरात बारसं निघायचं, मग तीच कॅसेट घेऊन भीमराज हजर. लग्न संपलं की थोडी पांढरी खरखर, आणि एकदम पाळणा. कॅसेट उघडी राहिली पाहिजे आक्का, म्हणायचा, घर कुठं संपतंय?

पुढं लहान कॅमेरे आले, मग मोबाईल आले. त्यानं कॅमेरा विकला आणि खोलीत बसून लोकांचे टीव्ही, रिमोट दुरुस्त करायला लागला. बाप गेला, बायको कस्तुरा गेली. एक मुलगी, मिनल, शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन सांगवीला गेली. खोलीत भीमराज आणि लोखंडी कपाटात एकसष्ट कॅसेटी राहिल्या. न्यायला कुणी आलं नाही, टाकायला त्याचा हात झाला नाही.

दोन हजार बारा सालच्या श्रावणात माझ्या मुलानं, दादासाहेबानं, चाळ पाडायचं ठरवलं. बिल्डर आणला, कागद केले. दसऱ्यापर्यंत खोल्या रिकाम्या करा म्हणून सगळ्यांना सांगितलं. बाकीचे भाडेकरू महिन्यात गेले. मिनल बापाला न्यायला आली.

"बाबा, खोली रंगवून ठेवलीय. खिडकीतून नदी दिसते. आजच चला."

"येतो की. या लोकांच्या वस्तू तेवढ्या देऊन टाकतो."

"मग द्या ना, पिशवीत भरून."

"नुसती कॅसेट देऊन काय करतील? लोणचं घालतील? कुणाकडं व्हीसीआर उरलाय आता? डीव्हीडीवर करून देतो, म्हणजे बघता येईल. मी शब्द दिलाय त्यांना."

"कोणी विचारायला येतंय का तो शब्द?"

मिनलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "जाऊ दे गं, होईल महिन्या-दीड महिन्यात." माझ्या तोंडावर तेव्हा कुणी हात ठेवायला पाहिजे होता.

आधी दादासाहेबानं अक्कल सांगितली. म्हणाला, "भीमराज भाऊ, एवढं कशाला राव, लॅपटॉपला एक पिन मिळते, ती लावायची आणि झोपायचं." आपला जुना लॅपटॉप त्यानं दिला. भीमराजनं पिन आणली, एक कॅसेट लावली. पहिला अर्धा तास झकास. नंतर आवाज हळूहळू मागं पडायला लागला. दोन तासांनी असं झालं की अंतरपाट खाली आला, हार घातले, लोक जेवायला वळले, आणि मग भटजी म्हणाले, सावधान! भीमराज डोकं धरून हसला. मीही हसले. पण लॅपटॉप परत केला. "लोकांना असं देता येत नाही आक्का," म्हणाला. "आवाज आणि चित्र एका वेळी निघालं पाहिजे."

मग तो पिंपरी मार्केटात तीन दिवस फिरून जुना डीव्हीडी रेकॉर्डर घेऊन आला. दिसायला व्हीसीआरसारखाच, फक्त कॅसेटच्या जागी तबकडीचा खण. व्हीसीआरच्या मागून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी काढून त्याच्या मागं खोचल्या. पिवळीतून चित्र जातं, बाकीच्या दोन्हींतून आवाज. आता या यंत्राला एक गोष्ट आधी सांगावी लागायची, एका तबकडीत किती तास कोंबायचे ते. एक, दोन, चार किंवा सहा. तीन नाहीच. आणि आपली कॅसेट तीन तासांची. जगात सगळीकडं असंच असतं का मला माहीत नाही, पण आमच्याकडं असंच असतं.

त्यानं परीक्षेला आमचीच कॅसेट घेतली, दादासाहेबाच्या लग्नाची, त्र्याण्णव सालची. मला बोलावलं.

"आक्का, नीट बघून सांगा. तुम्हाला पटेल तेच सगळ्यांना करतो."

आधी चार तासांचं लावलं. एका तबकडीत सगळं लग्न मावलं. माणसं उभी होती तोवर बरं होतं. वरात नाचायला लागली तशी चित्राची गोधडी झाली, चौकोन चौकोन. आणि मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता उडाल्या तर काय विचारता! एवढे बारीक दाणे एकदम हलले की त्या यंत्राची अक्कल संपायची. नवरा, नवरी, भटजी, सगळ्यांचे तुकडे.

"ही कोण?" मी विचारलं.

"तुमच्या आत्याबाई."

"नाक कुठं गेलं त्यांचं?"

"चार तासांत नाक बसत नाही आक्का."

मग दोन तासांचं लावलं. अक्षता अक्षतांसारख्या दिसल्या, आत्याबाईंचं नाक जागेवर आलं, ते होतंही मोठं. एक तासाचं लावून दाखवलं, त्यात मला फरक दिसला नाही. भीमराज म्हणाला, "फरक नसणारच. कॅसेटमध्ये आहे तेवढंच येणार, जास्त कुठून आणणार? दोन तासांचं बरोबर आहे. पण मग लग्नाला दोन तबकड्या लागतील." मग म्हणाला, "एका तबकडीत बसवायचं तर एक उपाय आहे. सत्कार काढायचा."

सत्कार म्हणजे आमच्याकडचा मोठा कार्यक्रम. लग्न लागायच्या आधी माइकवर एकेकाचं नाव घ्यायचं, अमुक गावचे अमुक पाटील, त्यांनी स्टेजवर यावं. मग फेटा, नारळ, फोटो. आमच्या कॅसेटीत तो बेचाळीस मिनिटं होता. बेचाळीस मिनिटं काढली की लग्न दोन तासांना दोन मिनिटं कमी. जणू त्या यंत्रवाल्यानंच मोजून ठेवलेलं.

"काढू?" त्यानं विचारलं.

"हात तर लाव," मी म्हणाले. "माझ्या भावाला पाचव्या नंबरला फेटा बांधलाय. तो दिसला नाही तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"त्यांना जाऊन सात वर्षं झाली ना?"

"म्हणून तर!"

माझं नाही ऐकायचं म्हणून त्यानं दौलतरावांच्या कॅसेटीवर प्रयोग केला. दौलतराव आमच्या भावकीतले, बोलायला कडक. लेकीच्या लग्नाची तबकडी त्यांनी रात्री बघितली आणि सकाळी दारात उभे.

"भीमराज, माझ्या व्याह्याचा फेटा कुठं गेला?"

"जरा लांबत होतं म्हणून..."

"लांबत होतं? आरं, लग्न काय, पाच मिनटात लागतं! लोक आले होते ते फेट्यासाठी. तू काय सामुदायिक लग्न समजला का?"

झालं. एकसष्ट कॅसेटी, प्रत्येकीच्या दोन तबकड्या. आता कळतं, मी तेव्हा त्याला म्हणायला पाहिजे होतं, काप बाबा आणि सूट. मी म्हणाले नाही. माझ्या भावाचा फेटा आडवा आला.

कॅसेट घाई करत नाही, हे मला तेव्हाच कळलं. तीन तासांचं लग्न उतरवायला तीन तासच लागतात, त्यात बसायला माणूस लागतो. काही कॅसेटींना आतून पांढरी बुरशी धरलेली. ती आधी एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं गुंडाळायची, कापसाला स्पिरिट लावून व्हीसीआरचं आतलं डोकं पुसायचं, मग लावायची. फीत कुठं अडकली तर यंत्र ती चावून टाकायचं. म्हणून भीमराज एक बोट बटणावर ठेवून बसायचा. दिवसाला दोन लग्नं, कधी तीन. गुरुवारी आमच्याकडं लाइट नसते, तेवढी सुट्टी. लघवीला जायचं तरी भिंतीवर टकटक करायचा, "आक्का, पाच मिनिटं बसता का?" मग मी जाऊन बोट ठेवून बसायची आणि कुणाच्यातरी हळदीत माझ्या ओळखीचं कोण दिसतंय ते बघायची.

एकदा विचारलं, "कंटाळा येत नाही का रे?"

"सगळी लग्नं आधी उभं राहून बघितली, आता बसून बघतोय," म्हणाला. "बसून जास्त लांब वाटतात."

खिडकी लावलेली, धूळ नको म्हणून. पंखा बंद, आवाज नको म्हणून. तो घामानं भिजलेला असायचा आणि टीव्हीत बँड वाजत असायचा. मिनलचा रोज फोन. "किती राहिल्या बाबा?" "झाल्याच." मला त्याचं 'झाल्याच' ऐकू यायचं, भिंत तीच होती.

गणपती गेले तोवर अडतीस घरांना तबकड्या पोचल्या. आणि घोळ उघडा पडला. पहिले अर्थातच दौलतराव.

"भीमराज, फेटे आले, बरं वाटलं. पण लग्न लागत न्हाई!"

"म्हणजे?"

"पयली सीडी चालती. हळद लागली, वरात आली, फेटे झाले, समदे स्टेजवर चढले अन् संपली. दुसरी घातली तर टीव्ही म्हणतोय, हे काय हाय? माझी लेक दोन दिवस झालं पाटावर उभी हाय!"

भीमराजनं ती दुसरी तबकडी आपल्या रेकॉर्डरमध्ये घातली. लग्न लागलं, अक्षता पडल्या, सगळं व्यवस्थित. "तुमचाच प्लेअर जुना असेल," म्हणाला. दौलतराव पुटपुटत गेले. दुसऱ्या दिवशी आणखी तीन घरं आली. मग सात. सगळ्यांची तीच तक्रार, लग्न लागत नाही. माझ्या प्लेअरमध्ये लावून बघितलं, दादासाहेबही मंडपातच अडकला होता. त्याची बायको म्हणाली, "बरं झालं, मी सुटले." ती विनोद करते अधूनमधून.

रविवारी मिनल आली. रेकॉर्डरबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं, ते तिनं उलटून पालटून वाचलं.

"बाबा, रेकॉर्डिंग झालं की शेवटी फायनलाइज करायचं असतं. तबकडी बंद करायची. त्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर लागत नाही. फक्त याच मशीनवर दिसते."

"ते माहीत आहे मला, ते बटण."

"मग केलं का नाही?"

"पहिली बंद केली. भरलेलीच होती. दुसरीत तासभर जागा उरते. बंद केलं की मग त्यात काहीच घालता येत नाही, असं यंत्र स्वतः सांगतं आणि विचारतं, नक्की का म्हणून. मी नाही म्हणायचो."

"कशासाठी जागा ठेवली?"

भीमराज खाली बघत म्हणाला, "बारशासाठी."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मिनलनं पुस्तक मिटलं.

"बाबा, ज्यांची बारशी तुम्ही राखून ठेवलीत, ती पोरं आता चाकणला कंपनीत ओव्हरटाइम करतायत."

इतक्या वर्षांची सवय, शेवटी कोरी जागा सोडायची. कॅसेटीला तिचा काही त्रास नव्हता. तबकडीला होता. आणि यातली खरी अडचण पुढं होती. ती दुसरी तबकडी बंद करायची तर ज्या यंत्रानं भरली त्याच यंत्रात करायला लागते. म्हणजे अडतीस घरांतून अडतीस तबकड्या परत आणायच्या. शिवाय तेवीस कॅसेटी अजून उतरवायच्या होत्या. दसऱ्याला तीन आठवडे.

मिनल त्या दिवशी रडली. म्हणाली, "हे सगळं इथंच ठेवा आणि चला. कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही."

"म्हणणार नाहीत," भीमराज म्हणाला. "पण दौलतरावाची लेक पाटावर उभी आहे ना."

तिकडं दादासाहेबानं जेसीबी आणला. बाकीच्या खोल्या पाडल्या, भीमराजची आणि तिला लागून आमची तेवढी उभी राहिली. आम्ही मागच्या नव्या घरात गेलो होतो. चहूकडं विटांचे ढीग आणि मध्ये ती खोली. जेसीबी चालला की जमीन हलायची, जमीन हलली की व्हीसीआरमधलं चित्र थरथरायचं, वर-खाली पट्टे यायचे. मग भीमराज कॅसेट थांबवून बसून राहायचा. ड्रायव्हर जेवायला गेला की सुरू. सहा वाजता काम बंद झालं की परत सुरू. तीन तासांचं लग्न पाच-सहा तासांचं व्हायला लागलं.

दादासाहेब माझ्यावर चिडला. "आई, बिल्डर माझ्या डोक्यावर बसलाय. त्या खोलीच्या कागदावर तुझी सही राहिलीय."

"माझी बोटं दुखत्यात."

"कालपर्यंत पापड लाटत होतीस!"

"म्हणूनच दुखत्यात."

सही मी दसरा झाल्यावर चार दिवसांनी केली. माझ्या हातानं त्याला तेवढेच चार दिवस मिळाले.

त्यानं सगळ्या तबकड्या गोळा केल्या, पायी, सायकलवर, बसनं. एकेक बंद केली. आता त्याचा स्वतःच्या यंत्रावर विश्वास राहिला नव्हता. तबकडी पोचवायला जायचा तेव्हा त्या घरच्या प्लेअरमध्ये लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा, दारापाशी स्टुलावर बसून. मग घरच्या माणसाला म्हणायचा, आता तुमच्या हातानं एकदा लावा. त्यांनी लावली, चित्र आलं, की उठायचा. म्हणजे उतरवताना एकदा बघितलेलं लग्न तिथं आणखी एकदा. लोक कंटाळायचे, कुणी कामाला जायचं असायचं, कुणाला मालिका बघायची असायची. दौलतरावांनी तर दुसरी तबकडी लागल्यावर हात जोडले. म्हणाले, "लागलं बाबा लग्न, आता तरी घरी जा." तो गेला नाही, पाठवणी होईपर्यंत बसला.

दम लागायचा त्याला त्या दिवसांत. लोकांचे जिने थांबत थांबत चढायचा. मी म्हणाले, डॉक्टरला दाखव. म्हणाला, "सांगवीला गेल्यावर."

सही केल्यावर दुसऱ्याच दिवशी मिनल टेंपो घेऊन आली. गादी, कपाट, दोन्ही यंत्रं चढवली. तबकड्यांची एक जोडी पोचवायची राहिली होती, आमच्या गोजाबाईची. ती त्यानं कापडी पिशवीत घालून मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरशेजारी बसला. खोली दुपारी पडली. तो गेल्यावर पाडा एवढं मी सांगितलं होतं, ते दादासाहेबानं ऐकलं.

सांगवीत तो आठ दिवस राहिला. नवव्या दिवशी सकाळी उठलाच नाही. मिनल सांगत होती, त्या आठ दिवसांत तो बराच वेळ खिडकीत बसायचा, टीव्ही लावू द्यायचा नाही. तेवढंच.

पण त्याआधीचा सोमवार मी डोळ्यांनी बघितला. गोजाबाई माझी चुलत जाऊ, निगडीला प्राधिकरणात राहते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मी तिथं होते. अकराच्या सुमाराला भीमराज आला. सांगवीहून दोन बस बदलून. चपला बाहेर काढल्या, पिशवी टीपॉयवर ठेवली.

गोजाबाईची सून दिव्या म्हणाली, "काका, द्या ना, आम्ही बघतो नंतर."

"लावून दाखवतो."

"किती वेळ आहे?"

"आधी दोन तास. मग चाळीस मिनिटं."

दिव्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

तो दारापाशी स्टुलावर बसला. "सोफ्यावर बस की," गोजाबाई म्हणाली. "इथं बरं आहे," म्हणाला. गोजाबाईच्या लेकीचं लग्न सुरू झालं, शहाण्णव सालचं. हळदीत गोजाबाईला डोळा लागला. सत्कार सुरू झाला तशी बरोबर जागी झाली. "माझ्या भावाचा नारळ येऊ दे आता," म्हणाली, आणि तो आला. दिव्या स्वयंपाकाला आत गेली. मी म्हणाले, "भीमराज, चालतंय की रे. निघ आता."

"होऊ द्या शेवटपर्यंत, आक्का."

दुसरी तबकडी लागली. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, सावधान वेळेवर आलं. अक्षता पडल्या. नवरी रडली, गाडीत बसली, गाडी वळणावर दिसेनाशी झाली. पुढं पडदा निळा झाला. तेव्हा तो उठला. तबकडी काढली, खिशातल्या स्वच्छ फडक्यानं मधून कडेकडं पुसली, पाकिटात घातली. जुनी कॅसेटही शेजारी ठेवली.

"जेवून जा," गोजाबाई म्हणाली. "पिठलं-भाकरी हाय."

"नको, पाणी द्या."

पाणी प्याला आणि दिव्याला हाक मारली. "ताई, आता तुमच्या हातानं एकदा लावा."

"दोन्ही?"

"दुसरी लावा."

दिव्यानं पिठाचे हात पुसले, दुसरी तबकडी खणात ठेवली, बटण दाबलं. मंडप दिसला.

"आलं ना?"

"आलं."

त्यानं रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली, सांगवीची बस कुठल्या फलाटावर लागते ते दिव्याला विचारलं, आणि चपला घालून निगडीच्या स्टँडकडं गेला.